आधी स्वतःच्या घराला नियम लावणारी माणसं

कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री ९.४०

१९२४ मध्ये भाऊराव पाटलांनी साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. सगळ्या जातींची मुलं एकत्र राहतील, आपलं जेवण आपणच रांधतील आणि एकाच पंगतीत बसतील, हा तिथला नियम. शंभर वर्षांपूर्वीच्या साताऱ्यात असा नियम सांगणाऱ्या माणसाला लोक पहिल्यांदा काय विचारणार? तुमच्या घरात काय चालतं, हेच. भाऊरावांच्या घरात तेच चालत होतं. वेगवेगळ्या जातींची मुलं त्यांच्या घरात वावरत होती आणि जुन्या वळणाच्या जैन घरातून आलेल्या लक्ष्मीबाई त्यांना आपल्या हाताने वाढत होत्या. पुढे बोर्डिंगात धान्याची अडचण झाली तेव्हा लक्ष्मीबाईंनी एकेक दागिना मोडला, शेवटी मंगळसूत्रही.

भाऊरावांच्या रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला ही गोष्ट पाठ असते. मीही रयतेचीच. आता एका माध्यमिक शाळेत शिकवते. लहानपणी ती त्यागाची गोष्ट म्हणून ऐकली. स्वतः वर्गात उभी राहायला लागल्यावर मला त्यात आणखी एक दिसायला लागलं. हे सगळं बोर्डिंगातल्या पोरांच्या डोळ्यांदेखत होत होतं. आपल्या ताटातली भाकरी कुठून आली ते त्यांना ठाऊक होतं. अशा मुलाला 'कमवा आणि शिका' समजावून सांगायला वेगळा तास घ्यावा लागत नाही.

भाऊरावांचा हा पीळ बोर्डिंगच्या कितीतरी आधीचा आहे. १९१४ च्या सुमारास कोल्हापुरात पुतळ्याला डांबर फासल्याचं प्रकरण झालं. त्यात जैन समाजातले पुढारी अण्णासाहेब लठ्ठ्यांना गुंतवण्यासाठी भाऊरावांनी खोटी साक्ष द्यावी म्हणून त्यांच्यावर दडपण आणलं गेलं. तेव्हा ते पंचविशी ओलांडलेले तरुण होते. हाताशी ना पैसा, ना संस्था, ना नाव. हवं ते बोलले असते तर सुटले असते. कोठडीत त्यांनी जीव द्यायचा प्रयत्न केला, पण साक्ष दिली नाही. पुढे याच माणसाने मुष्टिफंडासाठी हात पुढे केला तेव्हा ज्यांच्या घरात स्वतःलाच पुरेसं नव्हतं त्या बायांनीही मूठमूठ धान्य बाजूला काढलं. या दोन गोष्टींचा संबंध आहे असं मला मनापासून वाटतं.

गाडगेबाबांचं तर सगळं कृतीतच आहे. गावात शिरले की आधी खराटा. दिवसभर रस्ते झाडायचे, घाण उपसायची, आणि रात्री कीर्तन. श्रोते बसलेत ती जागा बाबांनीच सकाळी झाडलेली, त्यामुळे स्वच्छतेवर बोलायला त्यांना फार शब्द लागतच नसतील. पंढरपूर, आळंदी, नाशिक, मुंबई इथे त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतः मात्र अंगावर चिंध्या आणि मागून आणलेली भाकरी. बायकोमुलांना त्या धर्मशाळांमध्ये सोय करून दिली नाही. संस्थांवर आपल्या नातलगांचा हक्क नाही हे लिहून ठेवलं. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली आणि मोकळे झाले.

माझं म्हणणं असं की, नियमाचा पहिला चटका तो सांगणाऱ्याला बसला आणि तो बसताना लोकांना दिसला, तरच लोक मागे येतात. हुशारी, वक्तृत्व, पद हे सगळं त्याच्यानंतर. तुम्ही अशी माणसं पाहिली असतील, वाचली असतील. मोठ्या नावांचीच हवीत असं नाही. लिहा.

घाटवाट | मंगळवार, रात्री १०.२५

उत्तम विषय. यात धोंडो केशव कर्व्यांना घ्यायलाच हवं. १८९१ मध्ये त्यांची पहिली पत्नी वारली. त्या काळच्या पुण्यात विधवाविवाहाच्या बाजूने बोलणारे बरेच होते, पण स्वतःवर वेळ आली की कुमारिका शोधली जायची. कर्व्यांनी ११ मार्च १८९३ ला गोदूबाईंशी लग्न केलं. त्या बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होत्या. नंतर हे जोडपं मुरुडला गेलं तर गावाने बहिष्कार घातला, घरच्यांनाही झळ लागली. कर्वे मागे हटले नाहीत. हिंगण्याच्या विधवांच्या आश्रमासाठी लोकांनी पुढे जो विश्वास टाकला त्याचा पाया या लग्नात आहे.

याच्या शेजारी न्यायमूर्ती रानड्यांना ठेवून बघा. विधवाविवाहाचे ते पुरस्कर्ते. १८७३ मध्ये पहिली पत्नी गेली आणि वडिलांच्या आग्रहाखातर त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. पुढे १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे चहा घेतल्याचं प्रकरण झालं, त्यावर गदारोळ उठला, आणि रानड्यांनी शेवटी प्रायश्चित्त घेतलं. एवढा अफाट व्यासंगी माणूस, महाराष्ट्रातल्या किती संस्थांच्या मुळाशी तो आहे. पण चळवळीतल्या तरुण पोरांना त्या दोन प्रसंगांनी काय वाटलं असेल? विरोधकांना तर आयतं कोलीतच मिळालं.

निशिगंध | मंगळवार, रात्री १०.५०

फुल्यांनी १८६८ मध्ये स्वतःच्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेही इथे हवंच. दुसऱ्याच्या विहिरीबद्दल बोलण्याआधी आपला हौद.

आणि सावित्रीबाई. १८९७ च्या प्लेगमध्ये दत्तक मुलगा यशवंत याच्या दवाखान्यात रोग्यांना आणता आणता त्यांनाच लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. साठी ओलांडलेली बाई प्लेगचं पोर पाठीवर घेऊन चालत होती. मला या प्रसंगापुढे काही सुचत नाही.

पूर्णाकाठची | बुधवार, सकाळी ७.१५

आम्ही अमरावतीकडचे. ऋणमोचन आमच्यापासून लांब नाही. पौषातल्या रविवारी तिथे यात्रा भरते. पूर्णेच्या काठी चिखलात बायाबापड्या घसरून पडायच्या म्हणून बाबांनी तिथे घाट बांधायला घेतला, तेव्हा ते अजून 'गाडगेबाबा' म्हणून सगळीकडे माहीत नव्हते. घर सोडलं १९०५ मध्ये, आणि त्यानंतरच्या पहिल्या कामांपैकी हे.

माझ्या आजीने लहानपणी त्यांचं कीर्तन ऐकलं होतं. ती सांगायची, "बाबा प्रश्न इचारे, अन् लोकायलेच उत्तर द्या लागे. कर्ज काढून सन करता का? दारू पेता का? सारे खाली माना घालत." आजीचं म्हणणं होतं की दुसऱ्या कुणी असं भर सभेत विचारलं असतं तर लोकांनी उठवून लावलं असतं. बाबांना कोणी उलट बोलत नसे, कारण सकाळपासून सगळ्यांनी त्यांना गावची घाण काढताना बघितलेलं असे.

आणखी एक. मुलीच्या बारशाला तेव्हाच्या रीतीप्रमाणे बकरं आणि दारू हवी होती. देबूजींनी (म्हणजे बाबांनीच, संसारात असताना) गोडाधोडाचं साधं जेवण घातलं. भाऊबंद रुसले. आज हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण ज्याने खेड्यात भाऊबंदकीचा रुसवा सोसला आहे त्याला विचारा. अख्ख्या महाराष्ट्राला पशुहत्या सोडा म्हणून सांगण्याआधी त्यांनी ते आपल्या दारच्या मांडवात करून दाखवलं होतं.

मेघमल्हार | बुधवार, सकाळी ११.०५

कृष्णाकाठ ताई, लेख फार मनापासून लिहिला आहे, आणि म्हणूनच एक अवघड गोष्ट इथेच बोलते.

तुम्ही लिहिलेल्या प्रत्येक उदाहरणात चटका कुणाला बसला ते पाहा. दागिने लक्ष्मीबाईंचे गेले. त्या १९३० मध्ये वारल्या, संस्थेचा वटवृक्ष झालेला त्यांनी पाहिला नाही. गाडगेबाबा घर सोडून गेले, कुंताबाई मुलं घेऊन मागे राहिल्या. मुलगा गोविंदा गेल्याचं बाबांना कीर्तन चालू असताना कळलं आणि त्यांनी कीर्तन थांबवलं नाही, हे आपण भारावून सांगतो. त्या वेळी कुंताबाई कुठे होत्या, त्यांना कोण काय म्हणालं, हे कोणी सांगत नाही. कर्व्यांनी स्वतःची विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाला देऊन टाकली. बाया कर्व्यांना (म्हणजे गोदूबाईंना) ते किती लागलं हे आपल्याला कळतं, कारण निदान त्यांनी स्वतःची हकिगत लिहून ठेवली. बाकीच्यांची ती सोयही नव्हती.

या माणसांबद्दल मला अतिशय आदर आहे. पण 'स्वतःच्या घराला नियम लावला' हे वाक्य आपण कौतुकाने म्हणतो तेव्हा त्या घरातल्या बाईला कोणी विचारलं होतं का, हा प्रश्न मला सोडत नाही. माझे आजोबा सर्वोदयी कार्यकर्ते होते. गावात त्यांचं नाव आजही आदराने घेतात. आजीने लोकांची शेतं खुरपून चार मुलं वाढवली. तिचं नाव गावात कुणाला माहीत नाही.

शिफ्टवाला | बुधवार, दुपारी १.३०

मेघमल्हार, तुमचा प्रतिसाद वाचून थोडा वेळ काहीच लिहिता आलं नाही. बरोबर आहे तुमचं.

मला यातूनच पुढचं बोलायचं आहे. उदाहरण घालून द्यायचं म्हणजे फाटके कपडे आणि उपास असं एक समीकरण आपल्याकडे झालं आहे. ते मला पटत नाही. मी चाकणकडे एका कारखान्यात आहे. आमच्याकडे पूर्वी कामगारांची गेटवर झडती व्हायची, डबासुद्धा उघडून बघायचे, आणि साहेबांच्या गाड्या सरळ आत. एक नवे प्लँट हेड आले. पहिल्या आठवड्यात ते गाडी बाहेर लावून कामगारांच्या रांगेत उभे राहिले आणि सिक्युरिटीवाल्यासमोर बॅग उघडली. तो पोरगा घाबरून हात लावेना. साहेब म्हणाले, नीट तपास, तुझं काम आहे ते.

नंतर एकदा ते सेफ्टी गॉगल न लावता पिवळ्या रेषेच्या आत आले. लाइनवरच्या एका हेल्परने, तोही कंत्राटी, त्यांना थांबवलं. साहेब परत गेले, गॉगल लावून आले, आणि उल्लंघनाच्या रजिस्टरमध्ये स्वतःचं नाव स्वतः लिहिलं. त्या हेल्परचं नाव सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांपुढे घेतलं. त्या दिवसानंतर आमच्या शॉपमध्ये गॉगलवरून वाद झालेला मला आठवत नाही.

या माणसाला पगार भरपूर होता, घर चांगलं होतं, मुलं चांगल्या शाळेत होती. त्याने बायकोचे दागिने मोडले नाहीत. फक्त पदामुळे मिळणारी सूट नाकारली. लोकांना तेवढं पुरतं. कामगाराला साहेब गरीब व्हायला नको असतो, नियम सारखा हवा असतो.

कृष्णाकाठ | बुधवार, संध्याकाळी ७.२०

मेघमल्हार, तुमच्या आजींबद्दल वाचलं. त्यांच्यावर इथे सविस्तर लिहा, अशी मनापासून विनंती.

लक्ष्मीबाईंनी दागिने आनंदाने दिले की नाइलाजाने, हे आज आपण ठरवू शकत नाही. मला इतकंच दिसतं की बोर्डिंगातली मुलं आजारी पडली तर रात्र त्या जागवत होत्या आणि पोरं त्यांना आईच्या जागी मानत होती. म्हणजे संस्था उभी करणाऱ्या त्या एक होत्या, संस्थापकाची पत्नी एवढीच त्यांची ओळख अपुरी आहे. रयतेत त्यांचं नाव आदराने घेतलं जातं, पण त्यांच्या कामावर जेवढं बोललं जायला हवं तेवढं बोललं जात नाही, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे.

शिफ्टवाल्यांनी जे वेगळं काढून दाखवलं ते फार मोलाचं आहे. घरच्यांच्या ताटातलं काढून देणं आणि घरच्यांना पदामुळे मिळू शकणारा जादा वाटा नाकारणं, या दोन गोष्टी आपण नेहमी एकाच पोत्यात घालतो. आज मी माझ्या मुख्याध्यापकांकडून पहिल्या गोष्टीची अपेक्षा करणार नाही. दुसरीची जरूर करेन. स्वतःच्या भाच्याला प्रवेश देताना तोच निकष, शाळेचं सामान घेताना मेहुण्याचं दुकान नको, परीक्षेच्या कामाचं मानधन सगळ्यांना सारखं. गाडगेबाबांनी नातलगांचा हक्क नाही असं लिहून ठेवलं त्यातला हा भाग आजही जशाच्या तसा उचलता येतो, त्यासाठी कुणाच्या बायकोला उपाशी ठेवावं लागत नाही.

कॉलेजच्या नावाची एक आठवण रयतेत सांगतात. साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ मध्ये सुरू झालं तेव्हा पैशाची ओढाताण होती. एका धनिकाने मोठी देणगी देऊ केली, अट एकच, कॉलेजला त्याच्या घरच्यांचं नाव द्यायचं. भाऊरावांनी ठाम नकार दिला. संस्थेला स्वतःचं नाव दिलं नाही, म्हणून दुसऱ्यालाही नाही म्हणायचा अधिकार त्यांच्याकडे होता. संस्थेचं नाव 'रयत'.

जुनी फाईल | बुधवार, रात्री ९.००

घाटवाट, रानड्यांवर थोडा अन्याय होतोय. लग्न चुकलं, हे त्यांच्या मित्रांनीही तेव्हा म्हटलं. पण त्या अकरा वर्षांच्या रमाबाईंना, घरातल्या बायकांचा विरोध अंगावर घेऊन, त्यांनी शिकवलं. त्याच रमाबाई पुढे पुण्यात सेवासदन चालवू लागल्या. एका प्रसंगात कमी पडलेला माणूस दुसऱ्या मार्गाने किती देऊन जातो हेही मोजायला हवं. नाहीतर उदाहरण घालून देणाऱ्यांच्या यादीत कुणीच उरणार नाही.

आता माझा मूळ मुद्दा. मी जिल्हा परिषदेत नोकरी केली, निवृत्त होऊन काही वर्षं झाली. स्वच्छ अधिकारी मी पाहिले, काहींच्या हाताखाली काम केलं. बदली झाली की त्यांच्याबरोबर सगळं जायचं. नवे साहेब आले की महिनाभरात टेबलं पूर्ववत. शिफ्टवाले, तुमचे प्लँट हेड गेल्यावर काय झालं?

एका माणसाच्या सचोटीवर विसंबून चालत नाही, तिला नियमाचं रूप द्यावं लागतं. डेक्कन एज्युकेशन सोसायटी पाहा. आजीव सदस्यांनी वीस वर्षं तुटपुंज्या वेतनावर शिकवायचं, अशी बांधिलकीच घालून घेतली. गोखले अनेक वर्षं तिथे शिकवून १९०२ मध्ये बाहेर पडले. टिळक १८९० मध्ये सोसायटीतून गेले त्या वादात एक मोठा मुद्दा हाच होता, की आजीव सदस्याने बाहेरची मिळकत घ्यावी का, बाहेरची कामं करावीत का. वाद कडू झाला, माणसं दुरावली. पण विचार करा, आपापसांत भांडायचं ते कशावरून, तर आपणच आपल्याला घातलेला नियम किती कडक असावा यावरून. आज कोणत्या संचालक मंडळात या विषयावर आवाज चढतो?

शिफ्टवाला | बुधवार, रात्री ९.३५

त्यांची बदली झाली. गाड्या पुन्हा आत जायला लागल्या. काही महिन्यांतच. गॉगलचा नियम मात्र टिकला, कारण तो हेल्पर आणि त्याच्यासारखे लोक अजून लाइनवर आहेत आणि ते कुणालाही थांबवतात. साहेबाने नियम पाळला तो साहेबापुरता राहिला, साहेबाने हेल्परला थांबवायचा अधिकार दिला तो रुजला. तुमचा प्रश्न वाचेपर्यंत मी हे असं मांडून बघितलं नव्हतं.

नगरकडचा | गुरुवार, सकाळी ८.४५

जुनी फाईल यांच्या मुद्द्याला आमच्या भागातलं उदाहरण जोडतो. हिवरे बाजार. पोपटराव पवार १९९० च्या सुमारास सरपंच झाले. त्याआधी गावाची दशा वाईट होती: पाऊस जेमतेम ४०० मिलिमीटर, डोंगर बोडके, माणसं कामासाठी बाहेर, दारूच्या भट्ट्या. नंतर जे झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, २०२० मध्ये त्यांना पद्मश्रीही मिळाली. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, श्रमदान हे शब्द शाळेतल्या पोरांनाही पाठ आहेत.

मला तिथे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पाण्याचं अंदाजपत्रक. दरवर्षी पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी बघायची आणि ग्रामसभेत सगळ्यांसमोर ठरवायचं की यंदा कोणतं पीक घ्यायचं, कोणतं नाही. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही. हे सरपंचालाही लागू, मोठ्या बागायतदारालाही. आता नगर जिल्ह्यात शेतकऱ्याला 'बोअर घेऊ नको' म्हणणं म्हणजे काय, हे इथल्या शेतकऱ्यांनी सांगावं. सरपंचाच्याच रानात बोअर असती तर ती ग्रामसभा एका बैठकीत मोडली असती. पण नुसतं सरपंचाने पाळलं म्हणूनही ते इतकी वर्षं टिकलं नसतं. आकडे फळ्यावर लिहिलेले असतात आणि कोणालाही वाचता येतात, म्हणून टिकलं.

पाटीपेन्सिल | गुरुवार, रात्री १०.१०

बरेच दिवस नुसती वाचते, आज पहिल्यांदा लिहिते. मी शिक्षिका म्हणून नुकतीच रुजू झाले आहे. छोटी शाळा, गाव सांगत नाही. पोषण आहाराच्या नोंदीत मुलांची संख्या रोज थोडी वाढवून लावतात. मला माझ्या वर्गाचा आकडा तसाच लिहायला सांगितलं. मी नाही म्हटलं. तेव्हापासून स्टाफरूममध्ये माझ्याशी कोणी धड बोलत नाही. एक ज्येष्ठ सर म्हणाले, "तुझं नवीन आहे, होईल सवय."

तुम्ही सगळे भाऊराव पाटील, गाडगेबाबा यांच्याबद्दल बोलता. त्यांच्याकडे बघून लोक बदलले. माझ्याकडे बघून कोणी बदलत नाही, उलट माझ्यामुळे सगळ्यांना त्रास होतोय असं वातावरण आहे. अशा वेळी काय करायचं? खरंच विचारते आहे.

जुनी फाईल | गुरुवार, रात्री १०.४०

पोरी, आधी एक काम कर. तुझ्या वर्गाची रोजची खरी उपस्थिती हजेरीपत्रकात पहिल्या तासालाच शाईने लिहून बेरीज करून ठेव, दुपारची वाट बघू नकोस. आकडा बदलायला कोणी सांगितलं तर शांतपणे म्हण, सर लेखी द्या. बहुतेक विषय तिथेच संपतो, कारण लेखी कोणी देत नाही. कुणाच्या दुसऱ्या वर्गाच्या आकड्यावर सही करू नकोस, एकत्रित पत्रकावर सही मागितली तर आपल्या वर्गासमोर कर आणि तारीख घाल. यात भांडण नाही, तक्रार नाही, आणि उद्या चौकशी लागली तर तू मोकळी राहतेस. मी अशा चौकश्या पाहिल्या आहेत. सगळ्यात आधी नवीन माणसावर ढकलतात.

पूर्णाकाठची | गुरुवार, रात्री ११.००

बेटा, जेवण वाढायच्या आधी चव घेऊन चव नोंदवहीत लिहायचं असतं, ते तुझ्याकडे घेता येतं का बघ. कुणी ते काम आवडीने करत नाही, त्यामुळे मिळेल. पोरांच्या पंगतीत त्यांच्यासोबत बस. किती ताटं मांडली ते रोज दिसेल, आणि पोरांच्या आयांपर्यंत मॅडम सोबत जेवतात ही गोष्ट आपोआप जाते. शाळा व्यवस्थापन समितीत बहुतेक पालकच असतात. त्यांनी विचारायला लागलं की तुला एकटीला बोलायची वेळ येणार नाही.

कृष्णाकाठ | गुरुवार, रात्री ११.३०

पाटीपेन्सिल, दोघांनीही व्यवहाराचं सांगितलं, त्यात मला भर घालायची नाही. तुमच्या मूळ प्रश्नाबद्दल लिहिते.

भाऊरावांकडे बघून सगळे बदलले असं झालं नाही. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांनी जाहीर सभेत सरकारला खडे बोल सुनावले, तर मुंबई सरकारने रयतेचं अनुदान बंद केलं. शिक्षकांचे पगार, मुलांचं जेवण, सगळं टांगणीला. त्या दिवसांत त्यांना शहाणपणाचे सल्ले देणारे कमी नसतील. तेव्हा गाडगेबाबांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांकडे शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झालं. स्वतःसाठी भाकरीपलीकडे कधी कुणाकडे काही न मागितलेला माणूस दुसऱ्याच्या शाळांसाठी बोलला, म्हणून त्याचं वजन पडलं. पुढे १९५४ मध्ये रयतेने कराडला कॉलेज काढलं त्याला सद्गुरू गाडगे महाराजांचं नाव दिलं.

म्हणजे भाऊरावांसारख्या माणसालाही एकट्याने निभावता आलं नाही. तुम्हाला तर आत्ताच नोकरी लागली आहे. स्टाफरूम बदलायची जबाबदारी स्वतःवर घेऊ नका. तुमच्या केंद्रात, तालुक्यात तुमच्यासारखा एक तरी शिक्षक असेल, त्याला शोधा. आणि तुमच्या वर्गातल्या मुलांना मोजायला येतं हे लक्षात ठेवा. आज वर्गात किती जण आहेत आणि मॅडमनी किती लिहिले, हे त्यांना बरोबर कळतं.

पाटीपेन्सिल | शुक्रवार, सकाळी ६.५०

सगळ्यांचे आभार. आज चव नोंदवहीचं विचारते. आमच्या केंद्रात एक मॅडम आहेत, प्रशिक्षणात ओळख झाली होती. त्यांनाही फोन करते.

मेघमल्हार | शुक्रवार, सकाळी ९.१५

पाटीपेन्सिल, आठवड्याने इथे येऊन कळवा, वाट बघते.

कृष्णाकाठ ताई, आजीवर लिहायला घेते. मावशीकडे आजीची एक वही आहे, हिशोबाची, कुणाकडून किती खुरपणीचे पैसे आले त्याची. रविवारी जाऊन आणते. तोवर एक विनंती: लक्ष्मीबाईंच्या काळी साताऱ्याच्या बोर्डिंगात राहिलेल्या कुणाचे नातू-पणतू इथे असतील तर घरात ऐकलेलं लिहा. त्या काय रांधायच्या, कुणाला रागवायच्या, पोरं त्यांना काय हाक मारायची, अगदी बारीकसारीक सुद्धा. वेगळा धागा काढूया.